पुदिन्यावर लसणाचं पाणी

जिन्यातच मला लसणाचा वास आला. खालच्या मजल्यावर कोणाची तरी फोडणी चालली असेल असं समजून मी वर आले, दार उघडलं, तर भपकारा आमच्याच घरातला. स्वयंपाकघरात माझी धाकटी नणंद बाह्या सरसावून उभी होती. एका हातात इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची माझी बाटली, दुसऱ्या हातात चहाचं गाळणं. खिडकीच्या कट्ट्यावर माझ्या चारही कुंड्या न्हाऊन निघालेल्या. पुदिना, शेपू, पानओवा आणि गवती चहा. पानापानांवरून पिवळट पाणी ठिबकत होतं.

"बघा वहिनी, तुमचा मावा गायब!" ती म्हणाली. "दोन गड्डे लसूण ठेचून सकाळपासून भिजत घातला होता. घरचा उपाय. विषबिष काही नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी गेली.

"वन्सं, काल जेवताना मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"काय?"

"कुंड्यांना हात लावू नका म्हणून."

"हात कुठे लावला? लांबूनच तर मारलं."

अशा माणसाशी भांडायला तरी कुठून सुरुवात करायची? मी पिशवी टेबलावर आपटली. पिशवीत शिवणवर्गातल्या मुलींनी कापलेले कागदी नमुने होते. ते चुरगळले. त्याचाही राग मला नणंदेचाच आला.

आता कोणी म्हणेल, दोन गड्डे लसणासाठी एवढा थयथयाट कशाला? तर सांगते. त्या कुंड्या माझ्या हौसेच्या नव्हत्या. त्या औषध होत्या.

माझा नवरा दूध संकलन केंद्रावर तपासनीस आहे. आसपासचे गाईगुरंवाले भल्या सकाळी कॅन घेऊन रांगेत उभे राहतात. नवरा कॅनचं झाकण उचलतो, झाकणाच्या आतल्या बाजूला नाक नेतो आणि एका श्वासात सांगतो, दूध घ्यायचं की परत पाठवायचं. दूध आंबायला लागलंय, गोठा साफ नव्हता, गाईने कुठे रानकांदा खाल्ला, कॅन नीट न धुता भरला, सगळं त्याला त्या एका श्वासात कळायचं. यंत्रं आहेत, प्रयोगशाळा आहे, पण ती सगळी पुढे, टाकीत ओतलेल्या दुधासाठी. बाहेर धक्क्यावर फक्त नाक. सव्वीस वर्षं त्याने हे केलं. लग्नाआधी आमच्याकडे चहाला आला तेव्हा कप तोंडाला लावायच्या आतच म्हणाला होता, "दूध कालचं आहे वाटतं." माझी आई त्यानंतर वर्षभर त्याच्यावर खार खाऊन होती.

सहा महिन्यांपूर्वी त्याला ताप आला. ताप आठवड्यात उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. काहीच येईना. जळकं नाही, कुजकं नाही, अत्तर नाही. केंद्रावर त्याला धक्क्यावरून हलवून कॅन धुण्याच्या हौदावर लावलं. घरी आला की भिंतीकडे बघत बसायचा. जेवण कसं झालंय विचारलं तर म्हणायचा, "गरम आहे."

नाकाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाकाला परत शिकवावं लागतं. रोज ठरल्या वेळी चार वेगवेगळे वास, डोळे मिटून, एकेक करून. ताजी पानं मिळाली तर उत्तम. म्हणून मी त्या चार कुंड्या आणल्या. रोज चार वाजता, चहाच्या आधी, नवरा खिडकीपाशी खुर्चीत डोळे मिटून बसायचा. मी पान चुरडून त्याच्या नाकाशी धरायची. तो नाव सांगायचा आणि मी वहीत बरोबर की चूक ते लिहून खाली सही करायची.

आणि मग पुदिन्यावर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे बारीक किडे, पानाखाली चिकटा, आणि त्या चिकट्यावर मुंग्या. पुदिन्यावरून शेपूवर गेला, शेपूवरून पानओव्यावर.

माव्यावरचे उपाय मला ठाऊक नव्हते असं नाही. दारात येईल तो एक सांगून जायचा. लसूण ठेचून मारा. लाल मिरची उकळून मारा. हिंगाचं पाणी मारा. आंबट ताक मारा. व्हिनेगर मारा. दालचिनीची पूड भुरभुरा. सगळे उपाय गुणकारी, सगळे स्वयंपाकघरातले, आणि सगळ्यांना हा एवढा वास! ज्या पानाचा वास नवऱ्याला ओळखायचा आहे त्या पानाला हिंग फासून मी काय मिळवणार होते? कपड्यांचा साबणसुद्धा चालेना, त्यालाही गुलाबाचा वास. शेवटी शिवणाची अक्कल कामाला आली. कापडाला कडकपणा आणायला आम्ही मैद्याची खळ करतो. तीच पाण्यासारखी पातळ करून मी पानांच्या खालच्या बाजूला मारायला लागले. उन्हात ती वाळते, तिचा पापुद्रा होतो, मावा त्यात अडकतो आणि पापुद्र्याबरोबर गळून पडतो. मग साध्या पाण्याने पान धुवायचं. तरी उरतोच थोडा. तो ओल्या कापसाने टिपायचा, एकेका पानाखालून, चष्मा नाकावर ओढून. रोज अर्धा तास. तीन महिने मी त्या किड्यांशी अशी झुंजत होते, आणि नणंदबाई मंगळवारी पाहुण्या म्हणून आल्या न आल्या तोच बाटली घेऊन उभ्या.

बरं, माझ्या झुंजण्याचा गुणही आला होता! आधी नुसता पुदिना ओळखू आला. मग शेपू. मग अधूनमधून चुकत चुकत चारही. वहीची पानंच्या पानं बरोबरच्या खुणांनी भरली. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली, शाबासकी दिली, दाखला लिहिला, आणि नऊ दिवसांपूर्वी नवरा धक्क्यावर परत गेला. पहिल्याच दिवशी दोन कॅन परत पाठवून आला. ही बातमी मी जिन्यात सांगितली, दुकानात सांगितली, शिवणवर्गात तर शिवणयंत्रं थांबवून सांगितली. "झाकण उचललं आणि पकडलं! आंबलेलं होतं!" मुलींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या होत्या, नाक अजून कोवळं आहे, सराव वर्षभर सोडू नका. म्हणून कुंड्या. म्हणून खळ. आणि म्हणून माझा थयथयाट.

"मी दादासाठीच केलं ना," नणंद म्हणाली. तिचा चेहरा आता पडला होता. "रोज तुम्ही वाकून वाकून ते किडे टिपता. मला वाटलं, एकदाच काय ते होऊन जाईल."

"एकदाच काय ते झालंय! आता महिनाभर हे पान लसूण म्हणूनच बोलणार."

आम्ही दोघींनी कुंड्या मोरीत नेल्या आणि पानं धुतली. पुन्हा धुतली. लसूण तो, जातोय कसला! पान चुरडलं की आधी लसूण, आणि त्याच्या मागे कुठेतरी बिचारा पुदिना. पडदे, ओटा, माझे हात, नणंदेचे केस, सगळं घर लसणाने भरलं होतं.

"राहू दे," मी म्हणाले. "आता येतील ते. दारातच विचारतील, लसणाचा काय उद्योग चाललाय म्हणून. तेव्हा तुम्हीच द्या उत्तर. मी तोंड उघडणार नाही."

नवरा चारला दहा कमी असताना आला. बूट काढले, मोजे बुटात कोंबले, पाय धुतले. "काय बेबी, झोप झाली का दुपारची?" असं बहिणीला विचारलं. माझी नणंद पन्नाशीची आहे, पण त्याच्यासाठी ती बेबीच. लसणाचा विषय नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बहिणीने काही केलं की याच्या तोंडाला कायम कुलूप असतं, म्हटलं, आजही तेच. अख्खं घर नाक धरून बसलंय आणि हा तिला सांभाळून घेतोय!

"चल, उरकून घेऊ," असं म्हणून तो खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले.

बरं, म्हटलं, बघू किती वेळ सांभाळून घेतोस. मी पुदिन्याचा शेंडा खुडला, चांगला चुरडला आणि त्याच्या नाकाशी नेला. माझ्याच डोळ्यांत लसणाने पाणी आलं. नणंद ओट्याला टेकून, ओठ आवळून बघत होती.

नवऱ्याने हळू, लांब श्वास घेतला, धक्क्यावर झाकणाचा घेतो तसा. आणि हसला.

"पुदिना."

मी नणंदेकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी शेपू खुडला. त्यालाही लसूणच.

"शेपू."

मग पानओवा. इथे तो जरा थांबला, मान हलवली. "पानओवा. आज जरा उग्र आहे, नाही का? ऊन चांगलं लागलं असेल."

ते "उग्र आहे" मला खटकलं. नुसतं नाव सांगून भागलं असतं. त्यावर ही नक्षी कशाला? मी गवती चहाचं पातं धरलं.

"गवती चहा. झालं. टाक आता चहा."

"थांबा," मी म्हणाले. "डोळे उघडू नका. अजून एक आहे."

मी ओट्यावरचं गाळणं उचललं. त्यात दोन गड्डे लसणाचा चोथा होता. तो मी त्याच्या नाकाला टेकेल इतका जवळ धरला. तो बावरला. चारच कुंड्या, पाचवं कुठून आलं? पुन्हा श्वास घेतला. कपाळाला आठी पडली.

"काहीतरी... जरा झणझणतंय. पानओवाच ना, परत?"

नणंद मटकन खुर्चीत बसली.

"डोळे उघडा," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले. समोर गाळणं. त्याने गाळण्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग कुंड्यांकडे. त्याचा चेहरा असा उतरला की मला आणखी विचारायची गरज नव्हती. पण मी विचारलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, घर लसणाने उलथलंय! खालच्या मजल्यावर वास जातोय! कधीपासून येत नाही तुम्हाला?"

"आलाच नाही कधी."

"आणि पुदिना? शेपू?"

"पुदिना नाकात गार लागतो. वास नाही, नुसता गारवा. बाकीचे तू ओळीने देतेस. पुदिना, शेपू, पानओवा, गवती चहा. कट्ट्यावर कुंड्या आहेत तसे. तीन महिन्यांत तू एकदाही क्रम बदलला नाहीस."

मी! मुलींच्या शिवणीत एक टाका वाकडा गेला तर उसवायला लावणारी मी. पानांवर एक किडा राहू नये म्हणून कापूस घेऊन बसणारी मी. डाव्या कुंडीकडून उजव्या कुंडीकडे जात राहिले, जशी काही भाजी वाढत होते. मला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली.

"मध्येमध्ये चुकायचात ते?"

"मुद्दाम. सगळं एकदम बरोबर आलं असतं तर तुला शंका आली असती."

"आणि हे सगळं कशासाठी? मी तुमच्या नाकासाठी मर मर मरतेय, आणि तुम्ही मला खेळवताय?"

मग त्याचाही आवाज चढला. नवरा सहसा आवाज चढवत नाही. "तू चूक लिहायचीस ना वहीत, तेव्हा पेन आपटायचीस. डोळे मिटलेले असले तरी ऐकू यायचं मला. रोज चार वेळा आपटायचीस. आणि तिकडे हौदावर, सव्वीस वर्षं ज्यांची झाकणं मी उचलली, ते लोक माझ्यापुढे उष्टे कॅन ठेवून विचारायचे, 'काय साहेब, सर्दी गेली का?' एक दिवस मी पुदिना म्हणालो. गार लागलं म्हणून म्हणालो. तू केवढी हसलीस! मग मला मागे येता आलं नाही."

हे त्याने सांगायला नको होतं. रागाला नेम लागतो, आणि त्याने माझा नेम हलवला. पण राग गेला नाही. उलट मला आता दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं.

"नऊ दिवस," मी म्हणाले. "नऊ दिवस तुम्ही धक्क्यावर झाकणं उचलताय. खराब दूध जातंय ना लोकांच्या पोटात?"

"नाही जात. पुढे टाकीचं दूध यंत्रावर तपासतात. खराब कॅन आत गेला असता तर तिथे कळलंच असतं. कोणाचं दूध कसं असतं ते मला पाठ आहे. कोणाच्या पोटात काही गेलेलं नाही, त्याची शपथ घेतो."

"मग परत पाठवलेत ते? पहिल्या दिवशीचे दोन? नंतरचे?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"मी विचारतेय ते कॅन कसे परत पाठवलेत? वास येत नाही तर कसे पाठवलेत?"

"रोज एखाददुसरा पाठवावाच लागतो," तो म्हणाला. "तपासनीस काहीच परत पाठवत नाही म्हटल्यावर लोक बोलायला लागतात."

"कोणाचा पाठवता?"

"जे भांडत नाहीत त्यांचा."

हे तो इतक्या हळू म्हणाला की नणंदेने मान पुढे काढून "काय?" असं विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. एक बाई आहे, तिच्या कॅनला निळं झाकण आहे, म्हणून धक्क्यावर तिला निळं झाकणच म्हणतात. दोन गाई आहेत तिच्या. ती कधी उलट बोलत नाही. कॅन परत म्हटलं की उचलते आणि जाते. तिचा त्याने तीन वेळा परत पाठवला होता.

आणि मी टाळ्या घेऊन आले होते.

"दादा, जाऊ दे," नणंद डोळे पुसत म्हणाली. "वहिनी, झालं ते झालं. कोणाला कळतंय? येईल नाक हळूहळू. उगाच चारचौघांत शोभा कशाला?"

"वन्सं, तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "आज दिवसभरात तुमच्या हातून एकच चांगली गोष्ट झाली, तीही चुकून झाली. ती आता बिघडवू नका." मग मी नवऱ्याकडे वळले. "उद्या सकाळी तिथे सांगायचं. सगळ्यांसमोर. तुम्ही सांगा, नाहीतर मी येऊन सांगते."

"हौदावर पण ठेवणार नाहीत मला."

"नाही ठेवलं तर नाही!"

"तुझी वही आहे त्यात. तुझी सही आहे रोजची."

"म्हणूनच येतेय," मी म्हणाले.

त्या दिवशी चहा झालाच नाही. जेवण झालं. भांड्यांचा आवाज तेवढा होत होता, आणि तो बहुतेक मीच करत होते.

सकाळी मी त्याच्याबरोबर निघाले. "तू नको येऊस" असं तो दोनदा म्हणाला. मी चपला घातल्या. वाटेत तो पुढे आणि मी मागे, लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही अनोळखी माणसांसारखे चालत होतो.

धक्का म्हणजे कमरेइतका उंच सिमेंटचा कट्टा. एका टोकाला वजनाचा काटा, मध्ये नवऱ्याची जागा, खाली सतत वाहणारं पाणी आणि क्लोरीनचा वास. वीस-बावीस माणसं रांगेत होती. नवऱ्याने पांढरा कोट चढवला, टोपी घातली आणि पहिलं झाकण उचललं. नाक नेलं. "घ्या." दुसरं. "घ्या." मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझा जबडा दुखत होता, इतके मी दात आवळले होते. किती सफाईने करत होता! मान तिरकी करणं, डोळे अर्धे मिटणं, सगळं जसंच्या तसं. कोण म्हणेल, त्या नाकात काही शिरत नाही?

सहावी ती होती. निळं झाकण लांबूनच दिसलं. बाई माझ्याच वयाची, अंगात कोपरावर रफू केलेला स्वेटर. रफू स्वतः केलेलं असणार, धागा वेगळ्या रंगाचा होता. तिने कॅन कट्ट्यावर ठेवला आणि एक हात कॅनच्या मुठीवर तसाच राहू दिला. परत न्यायची तयारी तिने आधीच केली होती. ते पाहून मला असा संताप आला की मी भिंतीपासून सुटले आणि दोन पावलं पुढे गेले.

नवऱ्याने झाकण उचललं. नाक नेलं. मग वर बघितलं, तर समोर मी. मनातून मी त्याला गदागदा हलवत होते.

"बाई, दूध चांगलं आहे," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि मूठ सोडली.

"परवाचंही चांगलं होतं," तो म्हणाला. झाकण अजून त्याच्या हातात होतं. "त्याच्या आधीचंही. मला वास येत नाही. ताप आल्यापासून येत नाही. तुमचं दूध मी उगाच परत पाठवलं."

रांगेत कोणीतरी हसलं. त्याला गंमत वाटली असावी. काट्यावरचा माणूस आकडा लिहायचा थांबला.

"म्हणजे?" बाईने विचारलं.

"म्हणजे... काहीतरी परत पाठवायचं म्हणून पाठवलं. तुम्ही बोलत नाही काही, म्हणून तुमचं."

मला वाटलं, आता ही शिव्या देईल. द्याव्यात असं मला वाटत होतं. मीही तिच्या बाजूने चार घातल्या असत्या.

"तीन वेळा पाठवलंत," ती म्हणाली. आवाज साधाच होता. "पहिल्यांदा मला वाटलं कॅन असेल. उकळतं पाणी घालून घासला. दुसऱ्यांदा चारा बदलला. तिसऱ्यांदा म्हटलं, म्हातारीचीच कास बिघडली, तिचंच दूध नासवतंय दुसरीचं. परवा देऊन टाकली तिला."

"कोणाला?"

"गाडीवाल्याला. म्हाताऱ्या गाई नेतो त्याला."

नवऱ्याच्या हातातलं झाकण कट्ट्यावर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. "कुठे नेली? कुठली गाडी? मी जातो. आत्ता जातो, विचारून बघतो..."

"आता काय जाता?" आता तिचा आवाज चढला, आणि चढल्यावर तो पार आतल्या खोलीपर्यंत गेला असणार, कारण केंद्रप्रमुख बाहेर आले. "परवाची गाडी ती! अकरा वर्षं होती माझ्याकडे. चालत गेली गाडीत. मी सोडायला गेले म्हणून ती मुकाट गेली!"

मला राहवलं नाही. "बाई, यांची चूक आहेच, पण यांना वास येतो असं वहीत मी लिहिलं होतं. माझ्या सहीने लिहिलं होतं." असं म्हटल्यावर तिचा अर्धा राग माझ्यावर येईल आणि नवऱ्याच्या वाटचा तेवढा कमी होईल, असं काहीतरी मला वाटलं असावं.

तिने मला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"यांची बायको."

"ते दूध मी घरी नेऊन प्यायले," ती मला म्हणाली. "तिन्ही दिवस. टाकवेना म्हणून प्यायले. वास घेऊन बघितला, चव घेऊन बघितली. चांगलं होतं. मला कळत होतं चांगलं आहे म्हणून. पण म्हटलं, साहेबांना कळतं ते आपल्याला कुठे कळणार!"

कट्ट्यावर पडलेलं निळं झाकण मी उचललं. मागे रांगेत कोणीतरी कॅन खाली ठेवला. ती अजून माझ्याकडेच बघत होती, आणि मी ते पुसून तिच्यापुढे धरलं.